‘पेर्सियाने क्यूझे’ पाहण्यापूर्वी

इटालियन नववास्तववादाची, म्हणजे युद्धोत्तर काळातील सामान्य माणसांचे जगणे साधेपणाने दाखवणाऱ्या चित्रपटशैलीची, ओळख तुम्हाला ‘बायसिकल थीव्ज’मुळे झाली असेल, तर लुईजी कोमेंचिनी यांचा 1951 मधील ‘पेर्सियाने क्यूझे’ (‘बंद झडपा’) हा चित्रपट पाहताना ती मोजपट्टी बाजूला ठेवावी, असे मी सुचवेन. हरवलेल्या बहिणीच्या शोधात वेश्याव्यवसायाच्या आणि गुन्हेगारांच्या जगात शिरणाऱ्या तरुणीची ही कथा उघडउघड मेलोड्रामा आहे; तिच्यातील योगायोग आणि अश्रू यांना दोष मानले, तर चित्रपट हातातून निसटतो.

त्याऐवजी थोडा इतिहास आधी वाचावा. त्या काळी इटलीत शासनमान्य कुंटणखाने कायदेशीर होते आणि त्यांच्या खिडक्या सदैव बंद ठेवण्याचे बंधन होते. हे कुंटणखाने बंद करण्यासाठी सिनेटर लीना मेर्लिन यांनी 1948 मध्ये विधेयक मांडले, परंतु कायदा होण्यास 1958 उजाडले. म्हणजेच हा चित्रपट आला तेव्हा वाद ऐन भरात होता, आणि नायिकेच्या शोधाला जी धार आहे ती बरीचशी तेथूनच येते.

एलेओनोरा रोस्सी द्रागो आणि मास्सिमो जिरोत्ती प्रमुख भूमिकांत असले, तरी अभिनेत्री जुलिएत्ता मासिना यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. आल्बेर्तो लात्तुआदा यांचा ‘सेन्त्सा पिएता’ (1948) आणि फेल्लिनी यांचा ‘ले नोत्ती दि काबीरिया’ (1957) यांच्या मधोमध हा चित्रपट पाहिल्यास मासिना यांच्या अभिनयाची वाटचाल स्पष्ट दिसते. कोमेंचिनी पुढे विनोदी चित्रपटांमुळे अधिक गाजले. ते मात्र नंतर पाहिले तरी चालतील.