आयरिशमध्ये ‘अगम’ म्हणजे ‘माझ्याकडे’ की ‘मला’?

तुमचा प्रश्न : ‘ता ल्याउर अगम’ म्हणजे ‘माझ्याकडे पुस्तक आहे’. मग ‘मला भूक लागली’ला ‘अगम’ का चालत नाही?

‘अगम’मधलं मूळ शब्दयोगी अव्यय ‘एग’. अर्थ ‘पाशी’. ‘ता शे एग अन दोरस’ : तो दारापाशी आहे. आयरिशमध्ये इंग्रजी ‘हॅव’सारखं क्रियापदच नाही, ‘माझ्याकडे आहे’ म्हणायचं तर ‘माझ्यापाशी आहे’ म्हणतात. मराठी माणसाला हे सोपं जातं, इंग्रजीतून शिकणाऱ्याला नाही.

सर्वनाम ‘एग’ला चिकटून येतं : अगम (माझ्या), अगत (तुझ्या), एगे (त्याच्या), एकी (तिच्या), अगिन (आमच्या, आपल्या), अगिव (तुमच्या), अकू (त्यांच्या). उच्चार अंदाजे आहेत, बोलीनुसार बदलतात. घोटाळा एगे-एकीत होतो. बोलताना ग आणि क वेगळे ऐकू आले नाहीत, तर पुस्तक त्याच्याऐवजी तिच्याकडे जातं.

मराठीची मदत ‘मला’पाशी संपते. आपण ‘मला’ एकदाच शिकतो, आयरिश त्याचे तुकडे करते. मला भाऊ आहे, मला आयरिश येतं, मला माहीत आहे : तिन्हीकडे ‘अगम’. भूक, सर्दी, दुःख मात्र माणसाच्या अंगावर येतात, म्हणून तिथे ‘वर’ अर्थाचं ‘अर’ : ‘ता ओक्रस ओरम’, शब्दशः ‘भूक आहे माझ्यावर’. आवडीला तिसरंच, ‘ल्युम’ (शब्दशः ‘माझ्यासोबत’). मालकीही ‘ल्युम’कडेच : ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक ‘अगम’ असतं, ‘ल्युम’ नसतं.

मला स्वतःला सर्वात आवडणारा प्रयोग : ‘ता अन ल्याउर लेत्ये अगम’. शब्दशः ‘पुस्तक वाचलेलं आहे माझ्यापाशी’, म्हणजे माझं पुस्तक वाचून झालंय. आणि ‘एग’नंतर क्रियावाचक नाम आलं की चालू काळ : ‘एग लेव’, वाचत. इथे कर्म नाम असेल तर ते षष्ठीत जातं, हे शिकणारे हमखास विसरतात. व्यंजनापूर्वी बोलण्यात ‘ग’ही गळतो, नुसता ‘अ’ उरतो. लिहिताना तो गाळू नका.

उधारीत ‘एग’ आणि ‘अर’ ही दोन्ही अव्ययं एका वाक्यात भेटतात. ‘ता द्येह यूरो अगम ओर्त’ : दहा युरो माझ्यापाशी, तुझ्यावर. म्हणजे तू माझे दहा युरो देणं लागतोस. पैसे खिशात नाहीत, तरी ‘अगम’ माझंच!