डुरान नुसता मारकुटा होता का?

प्रश्न : मी हल्ली जुन्या बॉक्सिंग फाइट्स बघतोय आणि सध्या रॉबर्टो डुरानवर आलोय. त्याचं नाव काढलं की सगळे त्याच्या ताकदीचं, रागाचं बोलतात, 'दगडी हात' वगैरे, आणि मग लगेच 'नो मास' (स्पॅनिशमध्ये 'आता पुरे'). पण मला बघताना सारखं वाटतं की समोरच्याचे पंच त्याला धड लागतच नाहीयेत. मित्र म्हणतो तुला उगाच वाटतंय, तो नुसता अंगावर धावून जायचा. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : तुम्हाला बरोबर दिसलंय, आणि मित्राला सांगा की पुढच्या वेळी डुरानचे हात बघू नको, डोकं बघ. तो पुढे शिरतो तेव्हा त्याचं डोकं कधीच सरळ रेषेत येत नाही, पाऊल टाकतानाच ते बाजूला गेलेलं असतं, कधी खाली वाकलेलं असतं, आणि त्याच झोक्यात उजवा हात वरून येतो, म्हणजे वाचणं आणि मारणं हे त्याच्याकडे दोन वेगळे प्रकार नव्हतेच. आपल्याला दिसतो तो फक्त मार. समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, कानाजवळून निघून गेला हे कोणाच्या लक्षात येत नाही कारण त्यात बघण्यासारखं काही घडत नाही ना. मोहम्मद अलीसारखा कोणी मागे सरकत पंच चुकवतो ते लगेच डोळ्यात भरतं, पुढे येत चुकवणाऱ्याला मात्र आपण सरळ आडदांड म्हणून मोकळे होतो, आणि मला मनापासून वाटतं की हा अन्याय आहे, कारण पुढे येत चुकवणं जास्त अवघड आहे, तिथे अंतर कमी, वेळ कमी.

दुसरं म्हणजे हूल. खांदा हलवायचा, जॅब निघाल्यासारखं करायचं, समोरचा गार्ड उचलतो की खालून बरगडीत हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला पंच. आणि अगदी चिकटून लढायची वेळ आली, जिथे बहुतेक बॉक्सर क्लिंच करून, म्हणजे समोरच्याला मिठी मारून, रेफरीने सोडवायची वाट बघतात, तिथे डुरानचं खरं काम सुरू व्हायचं. डोकं समोरच्याच्या हनुवटीखाली, एका हाताने त्याचा दंड दाबून धरलेला, दुसरा हात मोकळा, आणि पंच आला तर खांदा वळवून तो अंगावरून घसरवून द्यायचा. पनामा सिटीच्या एल चोरिलो वस्तीतून आलेल्या पोरात राग आणि ताकद आधीपासून असेल, पण बाकीचं घासून घ्यायला त्याच्या कोपऱ्यात रे आर्सेल आणि फ्रेडी ब्राउन हे दोन मुरलेले म्हातारे ट्रेनर होते.

तो शिकत किती होता हे बघायचं असेल तर एस्तेबान दे हेसूसबरोबरच्या तीन फाइट्स ओळीने बघा. 1972 मध्ये दे हेसूसने लेफ्ट हुकने त्याला पहिल्याच राउंडला पाडलं आणि पॉइंट्सवर हरवलं, डुरानची ती पहिली हार. 1974 मध्ये परत पहिल्या राउंडला पाडलं, पण यावेळी डुरानने 11व्या राउंडला संपवलं. आणि 1978 मध्ये लास वेगासला तो घाई करतच नाही, जॅब, पोटावर पंच, वाट बघतोय, जागा अडवतोय, आणि 12व्या राउंडला काम झालं. हा तोच 'नुसता धावून जाणारा' माणूस.

आता 20 जून 1980, माँट्रियल. लोक म्हणतात शुगर रे लेनर्डने त्या रात्री डोकं गहाण ठेवलं आणि डुरानच्या पद्धतीने लढला म्हणून हरला. थोडं खरं आहे, पण लेनर्डसारख्या चपळ माणसाला 15 राउंड दोरांपाशी उभं कोणी ठेवलं? रिंग कापत, बाजूने पाऊल टाकत त्याची निसटायची वाट डुरानने बंद केली, आणि तिन्ही जजनी निकाल त्याच्या बाजूने दिला.

पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला लेनर्डसमोरच 8व्या राउंडमध्ये डुरान पाठ फिरवून थांबला, तेच ते 'नो मास', ते मी झाकणार नाही. मधल्या काळात वजन बेसुमार वाढलेलं, ते घाईघाईत उतरवलेलं, आणि लेनर्ड यावेळी पायांवर लढला. सतत फिरणारा माणूस त्याला जड जायचा, आणि उंच, लांब हातांच्या टॉमी हर्न्सने तर 1984 मध्ये दुसऱ्याच राउंडला झोपवलं. हे त्याचे कच्चे दुवे, मान्य. पण न्यू ऑर्लिन्सच्या त्या एका रात्रीमुळे बाकीचं सगळं पुसलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

कारण 1983 मध्ये मार्विन हॅग्लरसमोर, जो चॅम्पियन झाल्यापासून कोणालाच शेवटपर्यंत टिकू देत नव्हता, डुरान 15 राउंड उभा राहिला आणि 13 राउंडनंतर दोन जजच्या गुणांच्या कार्डवर पुढेसुद्धा होता. तो मुळात 61 किलोच्या गटातला, तिथे 72 किलोच्या, म्हणजे मिडलवेट गटातल्या माणसासमोर नुसता राग किती पुरणार? आणि फेब्रुवारी 1989 मध्ये, 37 वर्षांचा असताना, त्याने इरान बार्कलीला स्प्लिट डिसिजनवर (तीनपैकी दोन जजच्या मताने) हरवून मिडलवेटचं टायटल घेतलं. बार्कली कितीतरी उंच, वयाने लहान, आणि काही महिन्यांपूर्वीच त्याने हर्न्सला नॉकआउट केलेलं.

तुम्ही आणि मित्र मिळून काय बघावं विचाराल तर मी बार्कलीची फाइटच सांगेन, आणि त्यातही 11वा राउंड. पाय जड झालेत, वेग गेलाय, तरी आत शिरून एकामागोमाग पंच असे जोडतो की तो एवढा दांडगा माणूस खाली बसतो. आवाज बंद करून बघा.