स्पॅनिशमधल्या नियमित क्रियापदांचा भूतकाळ लक्षात कसा ठेवावा?

तक्ते लक्षात राहत नाहीत म्हणता, तर ते मोठ्याने म्हणा. नुसते वाचून पाठ केल्यामुळे मी एकदा सपशेल तोंडावर आपटले आहे.

पुण्यात बसून मेक्सिकोच्या एका ऑफिसचे हिशेब बघायचे. ग्राहकाने बिल भरलं, एवढंच तिकडे कळवायचं होतं. मी लिहिलं, 'या पागो ला फाक्तुरा'. 'पागो'मधल्या 'ओ' या अक्षरावर तिरकी रेघ हवी होती, ती टाकली नाही. बिनरेघेच्या 'पागो'चा अर्थ 'मी भरते'. तिकडून विचारणा आली: बिल तुम्ही का भरताय? मग तीन मेल, एक कॉल, आणि प्रत्येक मेलच्या प्रतीत आमचे साहेब.

रेघ टाकली नाही, कारण क्लासच्या झेरॉक्समध्ये ती कुठेच नव्हती. मी तेव्हा विचारलंही होतं. बाई म्हणाल्या, "रेघा नंतर. आधी बोलायला लागा." अहो, पण बोलतानाच तर ती रेघ ऐकू येते! 'पा'वर जोर दिला तर मी भरते, 'गो'वर दिला तर त्याने भरलं. दिन आणि दीन एकच म्हणून शिकवाल का?

असो. मूळ रूप 'आर'ने संपतं त्या क्रियापदांच्या, म्हणजे आर-वाल्यांच्या शेपट्या, मी, तू, तो-ती, आम्ही, ते या क्रमाने: ए, आस्ते, ओ, आमोस, आरोन. एर आणि इर-वाल्यांच्या सारख्याच: ई, इस्ते, इओ, इमोस, इएरोन. 'मी' आणि 'तो-ती' या दोन रूपांवर रेघ, जोर शब्दाच्या अगदी शेवटी. स्पेनला जाणार असाल तर 'तुम्ही लोक'साठीच्या आस्तेइस, इस्तेइसही घोका, मेक्सिकोत लागत नाहीत. आपल्याकडे आंबा खाल्ला, चिंच खाल्ली. तिथे काहीही खा, 'कोमी'च. 'भरलं' आणि 'भरायचे' यांत मात्र आपल्यासारखाच फरक करतात. 'भरायचे'साठी 'पागाबा', तो वेगळा भूतकाळ, या तक्त्यात घुसडू नका.

हो, 'मी भरलं' लिहिताना 'जी'पुढे 'यू' घालावा लागतो, नाहीतर 'ग'चा उच्चार बदलतो. आणि सेर (असणे), इर (जाणे), तेनेर (जवळ असणे) ही क्रियापदं अनियमित आहेत, त्यांना वरचं काही लावू नका.

गेल्या वर्षी शेजारची मुलगी त्याच क्लासचा तक्ता घेऊन आली. तीच झेरॉक्स, तशीच बिनरेघेची. लाल पेनाने सगळ्या रेघा मारल्या आणि सांगितलं, बाईंना दाखव.