आईंच्या रिपोर्टातील जी ओळ लिहिलेलीच नाही, ती आधी मागा

आपण लिहिले आहे की कणकवलीला आईंची गर्भाशयाची पिशवी काढून तीन आठवडे झाले, रिपोर्टात ‘एंडोमेट्रिऑइड (म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर), ग्रेड 2, स्नायूच्या अर्ध्याच्या आत’ असे आहे, सर्जन ‘सगळे निघाले’ म्हणतात आणि शेजारी मात्र ‘दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर’ म्हणून घाबरवतात. चार वर्षांपूर्वी माझ्या रिपोर्टात हेच शब्द होते, म्हणून राहवले नाही. मी डॉक्टर नाही, देवगडची निवृत्त शिक्षिका आहे. पुढचे सारे आपल्या डॉक्टरांकडून पडताळून घ्यावे.

शेजाऱ्यांना ग्रेड आणि स्टेज यांतला फरक माहीत नाही, एवढेच. ग्रेड म्हणजे पेशींची ठेवण किती बिघडली आहे, आणि स्टेज म्हणजे रोग कुठवर पोहोचला आहे. गाठ किती सेंटीमीटरची होती हे सगळे विचारतात, परंतु तिच्या आकारावरून स्टेज ठरत नाही. ती स्नायूत किती खोल गेली, गर्भाशयमुखाच्या आतल्या भागात आणि लसिकाग्रंथींत शिरली का, हे अधिक मोलाचे असते.

आता माझी चूक. ‘सगळे निघाले’ हे वाक्य मी रोग परत येण्याच्या शक्यतेचे उत्तर समजले. वस्तुतः ते केवळ काढलेल्या पिशवीविषयीचे विधान होते. गाठीच्या आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या यांत पेशी शिरल्या होत्या का, याविषयी माझ्या रिपोर्टात एक शब्दही नव्हता, आणि जे लिहिलेले नाही ते नसणारच, असे मी गृहीत धरले. वाहिन्यांत पेशी अशा शिरण्याला डॉक्टर एलव्हीएसआय म्हणतात. एखाद्या वाहिनीत पेशी दिसणे वेगळे आणि पाच किंवा अधिक वाहिन्यांत दिसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात ओटीपोटात व दूरवर रोग परतण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2023 च्या स्टेजच्या वर्गवारीत तर ग्रेड कमी असूनही केवळ या कारणाने रुग्ण स्टेज 2 बी मध्ये जाते.

मुंबईला दुसरे मत घेण्यास गेले तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, आणि काढलेल्या पिशवीचे नमुने ज्यांत जपून ठेवतात त्या काचपट्ट्या व मेणाचे ब्लॉक मागितले गेले. ते ज्या प्रयोगशाळेत होते तिचे नाव येथे लिहीत नाही, पण तेथील खिडकीने आमचे सत्तेचाळीस दिवस खाल्ले. आधी सर्जनचे पत्र हवे होते आणि सर्जन रजेवर होते. मग रुग्णाने स्वतः यायला हवे होते. टाके पुरते भरले नसताना मी एसटीने गेले तेव्हा काचपट्ट्या मिळाल्या, ब्लॉक मात्र ‘सापडत नाहीत’. शेवटी ते सापडले, कारण नोंदवहीत माझ्या आडनावाच्या जागी यजमानांचे नाव लिहिले होते. मुंबईत फेरतपासणी झाली आणि पाचांहून अधिक वाहिन्यांत पेशी निघाल्या. शेक (रेडिएशन) द्यायचा तर साधारणतः शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवड्यांत सुरू करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो; माझा तेराव्या आठवड्यात सुरू झाला. तपासण्या आजवर स्वच्छ आहेत, तरी त्या खिडकीचा राग गेलेला नाही.

म्हणून आपण अजून तीन आठवड्यांवर आहात तोवरच पॅथॉलॉजिस्टकडे एलव्हीएसआयविषयी लेखी पुरवणी मागा, आणि ब्लॉक घेताना लेबलवरचे नाव व क्रमांक तेथेच जुळवून पाहा. ते मेणाचे असतात. उन्हाळ्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका.

त्याच ब्लॉकवरून पी53 (पेशींची बेसुमार वाढ रोखणारे प्रथिन) आणि एमएमआर (डीएनएतील चुका दुरुस्त करणारी) प्रथिनांची तपासणी होते. माझ्या मते ती पैशांची उधळपट्टी नाही, जरी काही जण तसे सांगतील. 2013 पासून या रोगाचे रेणूंच्या पातळीवर चार गट मानले जातात: पी53 बिघडलेला असेल तर लवकरच्या स्टेजलाही धोका मोठा असतो, उलट पोली जनुकात विशिष्ट बदल असेल तर ग्रेड 3 असूनही रोग क्वचितच परततो. पोलीसाठी मात्र जनुकतपासणी लागते. एमएमआर प्रथिन नसल्याचे निघाले तर लिंच सिंड्रोमची चौकशी करावी, कारण तो आनुवंशिक असतो आणि त्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचाही धोका असतो. म्हणजे प्रश्न आपल्यापर्यंतही येतो.

सगळ्यांनाच शेक लागतो असे नाही, आणि लागला तरी बाहेरूनच द्यावा लागतो असेही नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोर्टेक-2 या डच अभ्यासात मध्यम ते अधिक धोक्याच्या रुग्णांत योनीमार्गातून आत दिलेला शेक आणि बाहेरून ओटीपोटावर दिलेला शेक, दोन्हींनंतर पाच वर्षांत योनीमार्गात रोग परतण्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते. पुष्कळ वाहिन्यांत पेशी असल्याने मला बाहेरूनही घ्यावा लागला. आईंचे काय करायचे, हे ती न लिहिलेली ओळ कळल्यावरच ठरेल.

रोग परतायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. तेवढ्या काळात अंगावरून थोडे जरी लाल गेले तरी आईंनी ‘बघू, थांबेल’ म्हणू नये, कारण केवळ योनीच्या टोकाशी परतलेला रोग, तेथे आधी शेक दिलेला नसेल तर, पुष्कळदा शेकाने बरा होतो. पुरवणी रिपोर्ट हाती आला की त्यातील शब्द जसेच्या तसे येथे लिहा. आईंचे नाव तेवढे झाका.