सेकंड हँड वॅगन-आर: सांगितलेला भाव रास्त की जास्त?

प्रश्न: रोज चिंचवडहून चाकणला जाऊन-येऊन ५० किलोमीटर होतात. जुलै २०१९ ची वॅगन-आर व्हीएक्सआय पाहिली आहे. एक लिटरचं पेट्रोल इंजिन, दुसरा मालक, काट्यावर ६२ हजार किलोमीटर. मालक ४ लाख १० हजार सांगतात. पुण्यातल्या अशाच गाड्यांच्या नऊ जाहिराती पाहिल्या, त्यांत ३ लाख ३५ हजारांपासून ४ लाख १५ हजारांपर्यंत भाव आहेत. टायर अजून कंपनीचेच आहेत आणि क्लच जरा जड वाटला. ही किंमत बरोबर आहे का?
— वाचक, चिंचवड

उत्तर: नाही, जास्त आहे. किती जास्त, ते आकड्यांनीच पाहू.

वॅगन-आरची ही पिढी जानेवारी २०१९ मध्ये आली तेव्हा व्हीएक्सआयची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ४ लाख ६९ हजार होती. ‘तेव्हाची किंमत वजा घसारा’ हे गणित मात्र इथे चालत नाही. जुन्या गाडीचा भाव आजच्या नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि नवी व्हीएक्सआय साडेपाच लाखांच्या आसपास मिळू लागली. त्यावर पेट्रोल गाडीचा ११ टक्के रोड टॅक्स आणि विमा धरला, तर गाडी रस्त्यावर यायला साधारण ६ लाख ४० हजार लागतात. म्हणजे तुमच्याकडे नव्याच्या ६४ टक्के मागितले जात आहेत, तेही सहा वर्षांहून जुन्या आणि दोन हात फिरलेल्या गाडीसाठी. नव्या गाडीत सहा एअरबॅग आहेत. ही गाडी ‘ओ’ (ऑप्शनल, म्हणजे दुसरी एअरबॅग असलेल्या) व्हेरियंटची नसेल, तर हिच्यात ड्रायव्हरपुरती एकच असेल.

आता तुमच्या नऊ जाहिराती. भाव चढत्या क्रमाने लिहा, वरचे दोन आणि खालचे दोन खोडा, उरलेल्या पाचांतला मधला घ्या. तो ३ लाख ७० हजार आला असं धरू. पण जाहिरातीतला आकडा सांगायचा असतो, घ्यायचा नसतो. व्यवहार सहसा पाच-सात टक्के खाली होतो, म्हणजे ३ लाख ४८ हजारांच्या आसपास. हे गणित थेट मालकाच्या जाहिरातींचं. डीलरच्या जाहिराती वेगळ्या काढा. त्यांच्या भावात त्यांचा नफा आणि त्या नफ्यावरचा १८ टक्के जीएसटी असतो. बदल्यात काही महिन्यांची लेखी वॉरंटी मिळत असेल तरच ते जास्तीचे पैसे द्यावेत.

इथून खर्च वजा करायचा, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. दिसेल ती झीज वजा करू नका. या वयाच्या सगळ्याच गाड्या थोड्याफार झिजलेल्या असतात आणि ते त्या मधल्या आकड्यात आलेलंच आहे. सरासरीपेक्षा जे वाईट असेल, तेवढंच कापायचं. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुनं रबर कडक होतं आणि पावसाळ्यात ब्रेक मारल्यावर घसरतं, मग नक्षी कितीही शिल्लक दिसो. चारही टायर बदलायचे, साधारण १५ हजार. याच किमतीच्या पुष्कळ गाड्यांचे टायर एकदा बदलून झालेले असतात, म्हणून हे पूर्ण वजा करा. क्लच ६० हजारांनंतर सगळ्यांचाच उतरत आलेला असतो. पूर्ण सेट मजुरीसह सात-आठ हजारांत बसतो, त्यातला निम्माच मागा. उरतात सुमारे ३ लाख २९ हजार. बोली ३ लाख १५ हजारांपासून सुरू करा आणि ३ लाख ३० च्या वर जाऊ नका.

हा भाव गाडी निर्दोष निघाली तरचा आहे. काही दोष असे असतात की त्यांवर घासाघीस करण्यात अर्थ नसतो, गाडी सोडायची. त्यातला पहिला, मागे फिरवलेला काटा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नंबरवरून नोंदी निघतात; मालकांना सोबत नेऊन त्या पाहा. दर १० हजार किलोमीटर किंवा वर्षाने सर्व्हिस असते, त्यामुळे काट्याचा माग लागतो. २०२३ च्या नोंदीत ७१ हजार असतील आणि आज ६२, तर पुढे बोलायचं काही उरत नाही. नोंदीच नसतील, तर ब्रेक पेडलचं रबर, गिअरची मूठ आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पाहा. साठ हजारांत पेडलचं रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत होतं. ते कोरं करकरीत असेल, तर बदललं का आणि कधी, ते विचारा.

दुसरा दोष, मोठा अपघात. रंग चमकतो की नाही हे पाहून काही कळत नाही. बॉनेट उघडून बिजागरीचे बोल्ट पाहा. कारखान्यात पत्र्यासोबतच त्यांच्यावर रंग बसतो. डोक्याच्या कडांवरचा रंग उडालेला असेल, तर तिथे पाना लागला आहे. मग दाराचं रबर बोटाने ओढून खांबावरचे वेल्डचे ठिपके पाहा. कारखान्याचे ठिपके गोल, उथळ आणि समान अंतरावर असतात. तिथे पुट्टी किंवा सलग वेल्डिंगची रेघ दिसली, तर खांब कापून जोडला आहे, मग गाडी कितीही स्वस्त असो. एखादं दार किंवा बंपर रंगवलेला असेल, तर बिचकू नका. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सहा वर्षांत एवढं होतंच.

तिसरा, पाण्यात बसलेली गाडी. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात न येणाऱ्या त्या आतल्या दीड-दोन फुटांवर गाळाची आडवी रेघ राहते. वरून कितीही धुतलं तरी ती सहसा तशीच असते. सीटखालच्या रुळांचा गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातली माती याच तपासात पाहून घ्या.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहा. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा; गरम असेल, तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलेली आहे. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थरथरतं, तो दोष नाही. टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, म्हणून बेल्ट बदलण्याचा खर्चही नाही. क्लच जड आहे की घसरतोय, हे चौथ्या गिअरमध्ये चढावर कळतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर प्लेट संपली. मग पूर्ण सेटचे पैसे कापा.

एक गोष्ट तुमच्या गाडीला नेमकी लागू होते. एक लिटर वॅगन-आरच्या सुरुवातीच्या गाड्या दोनदा परत बोलावल्या गेल्या: ऑगस्ट २०१९ मध्ये इंधनाच्या नळीसाठी आणि जुलै २०२० मध्ये फ्युएल पंपासाठी. चॅसी नंबर देऊन दोन्ही कामं झाली का, ते सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न: कंपनी फिटेड सीएनजी वॅगन-आरसाठी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ६० हजार जास्त मागत आहेत. महिन्याला हजार किलोमीटर होतात. द्यावेत का?
— वाचक, नाशिक

उत्तर: पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरात १८ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला ५ रुपये ८० पैसे पडतात. सीएनजी ९० रुपये किलो आणि २६ किलोमीटर धरले, तर साडेतीन रुपये. महिन्याला २३०० रुपये वाचतात आणि ६० हजार २६ महिन्यांत फिटतात. विकताना त्यातला काही भाग परतही येतो. तुमच्या पंपावरचे दर घालून हेच गणित पुन्हा करा. गाडी चार-पाच वर्षं ठेवणार असाल तर द्या. वर्षा-दोन वर्षांत बदलणार असाल, किंवा पंपावर रोज अर्धा तास रांग लावावी लागत असेल, तर पेट्रोलच बरी.

टाकीच्या चाचणीची तारीख मात्र आधी पाहा. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी लागते. मुदत संपलेली असेल, तर पंपावर गॅस भरायला नकार मिळतो. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असंच हवं. बाहेरून किट बसवून आरसीवर न चढवलेल्या गाडीला या जास्तीच्या ६० हजारांतला एक रुपयाही देऊ नका, कारण अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते.

सीएनजी वॅगन-आर टॅक्सीतही खूप चालतात. आधी टी परमिटवर (टॅक्सीच्या परवान्यावर) असलेली गाडी नंतर खासगी करून विकली जाते, आणि अशा गाडीचा वर्षाला ५०-६० हजारांचा प्रवास झालेला असू शकतो. कडांना पिवळ्या रंगाचा मागमूस, डॅशबोर्डवर मीटरची भोकं, ८० च्या पुढे न जाणारा वेग या तिच्या खुणा. आरटीओच्या नोंदीत गाडीचा आधीचा वर्ग (टॅक्सी की खासगी) मिळतो.

प्रश्न: मालक म्हणतात, विमा चालू आहे आणि ५० टक्के नो-क्लेम बोनस आहे, म्हणून किंमत जास्त. हे पटण्यासारखं आहे का?
— वाचक, ठाणे

उत्तर: नाही. नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो मालक स्वतःच्या पुढच्या गाडीवर नेतील. पॉलिसी नावावर करताना विमा कंपनी तेवढा फरक तुमच्याकडूनच घेईल. विम्याची जी मुदत उरली आहे, तेवढ्याच हप्त्याचे पैसे मोजा. नावावर करायचा अर्ज विमा कंपनीकडे १४ दिवसांत द्यायचा असतो.

टोकन देण्यापूर्वी गाडी नंबरवर थकीत ई-चलनं पाहा आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर होऊ द्या. आरसीवरचं नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक जुनाच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. ही गोष्ट विकणाऱ्यांना सांगितली, तर तेही आरटीओत वेळेवर येतात.