वरचा माळा तापतो, खालचा गार राहतो, काय करावं?

तुम्ही विचारलंय की खालच्या खोल्यांत पंख्यावर भागतं, पण वरच्या माळ्यावर रात्री अकरालाही पाठ टेकवत नाही. आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात आहे, आणि हाच त्रास आम्ही चार उन्हाळे काढला.

आधी कूलर घ्यायला धावू नका. रात्री दहा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला खालून हात लावून बघा. पोळ्या झाल्यावर उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा लागेल. दिवसभर ४५ अंशांच्या उन्हात शोषलेली उष्णता तो रात्रभर तुमच्या अंगावर सोडतो. खालच्या खोल्यांना वरच्या माळ्याची सावली आहे, म्हणून त्या गार. म्हणजे वरच्या स्लॅबलाच सावली द्यायला हवी.

आम्ही होळीनंतर कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये रात्रभर भिजवतो (विरताना तो उकळतो, लेकरांना लांब ठेवा), गाळून त्यात थोडं फेविकॉल घालतो आणि ऊन उतरल्यावर गच्चीवर दोन हात मारतो. पांढरा रंग बरंच ऊन परतवून लावतो. त्यावर बांबू रोवून तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) मांडव. मांडव आणि स्लॅब यांत माणूस वाकून जाईल एवढी जागा सोडाच, वारा खेळला तरच उपयोग. विजेच्या तारेपासून मात्र दूर, तुराट्या लवकर पेट घेतात. आई म्हणायची, कवेलूच्या (कौलारू) घरात असं कधी होत नव्हतं. खरंच होतं तिचं, कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जायची.

आता ती वाट जिन्याने द्यायची. दिवसा गच्चीचं दार आणि खिडक्या बंद. रात्री बाहेर गारवा आला की गच्चीचं दार सताड उघडा आणि खालच्या उत्तरेकडच्या खिडक्याही उघडा. गरम हवा जिन्यातून वर निघते, खालून गार हवा आत येते. दारात उभं राहिलात की तोंडावर वाफ जाणवेल.

एवढं करूनही नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कूलर लागतोच. तो वरच्या खिडकीत बाहेरून लावा, खाली नको. गार हवा जड असते, ती जिन्याने आपोआप खाली उतरते. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठून अंग चिकट होतं. आमची पहिल्या वर्षी हीच चूक झाली होती.

मृगानंतर हवा दमट झाली की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. चुना पावसात धुपतो, तो पुढच्या होळीनंतर पुन्हा मारावा लागेल.