नोटिशीवर सही झाली, सातबाऱ्यावर नाव नाही

प्रश्न : नवरा वारून चार वर्षं झाली. सासरे गेल्या वर्षी गेले. जमीन त्यांच्या नावावर होती, आता सातबाऱ्यावर फक्त दोघा दिरांची नावं आहेत. शेत मीच कसते. तलाठ्याची नोटीस आली तेव्हा न वाचता सही केली. फेरफार मंजूर होऊन सात महिने झाले. सोसायटी पीककर्ज देत नाही, दीर गिऱ्हाईक शोधतायत. मुलं १४ आणि ११ वर्षांची आहेत.

उत्तर : ताई, हक्क आहे की नाही हा प्रश्नच नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ नुसार आधी वारलेल्या मुलाची बायको-मुलं पहिल्या वर्गाचे वारस ठरतात. हिस्सा किती, हे सासू-नणंदांवर आणि जमीन वडिलोपार्जित की सासऱ्यांनी घेतलेली यावर अवलंबून. कागद पाहिल्याशिवाय आकडा सांगणार नाही.

सगळं अडलंय ते मुदतीवर. नमुना ९ च्या नोटिशीनंतर (तुम्ही सही केली तीच) १५ दिवसांत साध्या कागदावर हरकत दिली असती, तर नोंद विवादग्रस्त ठरून सुनावणी झाली असती. किती बायका ही नोटीस नुसती पोच समजून सही करतात! प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाची ६० दिवसांची मुदतही गेली. आता अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज लागेल. त्यात ‘मला माहीतच नव्हतं’ असं लिहू नका. तुमची सही समोर येईल आणि तुम्ही खोट्या पडाल.

जोर मुलांवर द्या. त्यांची नावं ‘अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई’ अशी लागायलाच हवी होती. अज्ञान मुलांचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. दिरांच्या वारस अर्जाची आणि शपथपत्राची नक्कल काढा, त्यात तुमची शाखा कशी गाळली ते दिसेल. नोटिशीवरची सही म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे, ते नोंदवावं लागतं. पण दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवतात त्या कचेरीत नेऊन तुमचा अंगठा किंवा सही घेतली असेल, तर वकिलाला आधी ते सांगा. मग प्रकरण पार बदलतं.

नुसत्या अपिलावर विसंबू नका. तारखा पडत राहतात आणि तेवढ्यात खरेदीखत होऊन जातं. दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आणि विक्रीला तात्पुरती मनाई मागा. दावा दाखल झाला की त्याची लिस पेंडन्स नोटीस, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची सूचना, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ती नोंदवली नसेल तर घेणारा ‘मला दाव्याची कल्पना नव्हती’ म्हणून निसटू पाहतो. वकिलाच्या फीसाठी थांबू नका. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बियाणं-खताच्या पावत्या, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या या हंगामापासून स्वतःच्याच नावे घ्या. वहिवाट त्यावरून दाखवता येते. नाव लागलं की ८-अ चा खातेउतारा काढून सोसायटीत द्या. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन फक्त वारसाने आली असेल तरच चालते, म्हणून नवऱ्याचा आणि सासऱ्यांचा मृत्यूदाखला फेरफाराच्या नकलेसोबतच ठेवा.